हिवाळी परसबाग: आधी वाफसा, मग कुदळ

सातारा-सांगली पट्ट्यात हिवाळी परसबागेची तयारी पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात सुरू होते. थंडीने भाजी मरते, ही भीती इथे बहुतेक ठिकाणी अनाठायी आहे. दव गोठते ते महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या आसपास, तेही एखाद्या कडाक्याच्या पहाटे. मेथी, वाटाणा, गाजर, फ्लॉवर यांना गारवा हवाच असतो. वांगी, मिरची आणि टोमॅटो मात्र थंडीत आखडतात, म्हणून त्यांची रोपे ऑक्टोबरातच लागलेली बरी.

जमीन ओली आहे तोवर खणून घ्यावी, हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. कृष्णाकाठची काळी माती ओली खणली, तर ढेकळे वाळून दगडासारखी होतात आणि हंगामभर फुटत नाहीत. वाफसा ओळखणे सोपे आहे: मूठभर मातीचा गोळा करून कमरेच्या उंचीवरून सोडावा. पडताच फुटला, तर कुदळ घालावी. चपटा झाला, तर थांबावे. पाटण-जावळीच्या तांबड्या मातीत वाफसा लवकर येतो. माण, जत, आटपाडीत ओल हेच धन, म्हणून तिथे वाफसा येताच मशागत उरकून पाचटाचे आच्छादन घालणे शहाणपणाचे.

ताजे शेण जास्त ताकदीचे, असेही मानतात. प्रत्यक्षात न कुजलेल्या शेणात हुमणी पोसते. खणताना अर्धचंद्रासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी दिसली, की वेचून कोंबड्यांना घालावी. वाफ्यात टाकायचे शेणखत पूर्ण कुजलेले, भुसभुशीत आणि वास गेलेलेच हवे.

चुलीतली राख सर्वत्र चालत नाही. काळी माती मुळात विम्लधर्मी, राखही तशीच. डोंगराकडच्या आम्लधर्मी तांबड्या मातीत मात्र ती मूठभर उपयोगी पडते. वाळवा, पलूस, मिरज भागात वाफ्यावर पांढरा थर फुटतो, तो क्षारांचा. भरपूर पाणी दिल्याने तो धुऊन जातोच असे नाही. निचरा नसेल, तर क्षार पुन्हा वर येतात. आधी चर काढावा. तोवर अशा जागी पालक, बीट तग धरतात. घेवडा धरत नाही.

धणे अख्खे पेरण्यापेक्षा रगडून दोन दले वेगळी केली, तर उगवण चांगली होते. फ्लॉवरचे कोणतेही बी केव्हाही चालत नाही: लवकर येणारा वाण थंडीत लावला, तर गड्डा बटणाएवढाच राहतो.

पाणी सकाळी, मुळाशी द्यावे. संध्याकाळी पानांवर शिंपडलेले पाणी वाळत नाही, वर दवाची भर पडते आणि करप्याला, केवड्याला फावते.