जोड पक्का, पण शेजार मऊ!

मुलांनो, घरातलं ‘जर्मनचं’ पातेलं उचलून पाहा. किती हलकं! तो धातू म्हणजे ॲल्युमिनियम. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं. मग भार सोसणारी शिडी किंवा सायकलची फ्रेम त्याची कशी होते?

१९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी ॲल्युमिनियममध्ये थोडं तांबं आणि मॅग्नेशियम मिसळलं, तो मिश्रधातू तापवून झटकन थंड केला. काही दिवसांनी पाहतात तर काय, धातू आपोआप जास्त कठीण झालेला! अशा धातूत डोळ्यांना न दिसणारे बारीक कण तयार होतात. धातूचे थर एकमेकांवरून घसरू लागले, की हे कण त्यांना अडवतात.

कठीणपणा मोजतात कसा? चिकू पिकला का, हे तुम्ही अंगठ्याने दाबून बघता ना, तसाच! धातूवर कडक गोळी दाबायची ही युक्ती स्वीडनच्या ब्रिनेल यांनी १९०० साली काढली. खड्डा मोठा, तर धातू मऊ. ताकद मात्र पट्टी तुटेपर्यंत ताणूनच मोजतात.

आता गंमत बघा. ‘६०६१’ नावाचा मिश्रधातू कडक केलेला असताना त्याचा कठीणपणा सुमारे ९५ आणि ताकद सुमारे ३१० मेगापास्कल असते. मऊ केल्यावर हेच आकडे ३० आणि १२५ होतात. कठीणपणा तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आला, ताकद तेवढी उतरली नाही. म्हणजे एकाला ठरावीक आकड्याने गुणून दुसरं काढता येत नाही!

वेल्डिंग करताना जोडाशेजारचा भाग खूप तापतो. तिथले कण विरघळतात किंवा जाडे होऊन निरुपयोगी होतात. धातूचा तेवढा पट्टा मऊ पडतो आणि पुष्कळदा वस्तू तिथेच तुटते. गोळीच्या खड्ड्यांवरून हा पट्टा कुठे आहे, ते छान कळतं. पण जोड किती ओझं पेलेल, हे नमुना ताणूनच ठरवावं लागतं. जोडाच्या पोटात वायूचे बुडबुडे असतील, तर वरचा खड्डा ते कसे सांगणार?

म्हणून इंजिनीअर वेल्ड केलेल्या ६०६१ ची ताकद साधारण निम्मीच धरतात. सायकलींच्या कितीतरी फ्रेम वेल्डिंगनंतर अख्ख्या भट्टीत घालून पुन्हा कडक करतात. तुटलेली शिडी वेल्ड करून आणली, तर असं काही होत नाही. तेव्हा दोस्तांनो, जोड कितीही चकचकीत दिसो, तिच्यावर पूर्वीसारखे बिनधास्त चढू नका!