कॅम्परचा प्लग लावण्याआधी

कॅम्पर किंवा ट्रॅव्हल ट्रेलरसाठी ‘सर्ज प्रोटेक्टर’ घेताना बहुतेकांची नजर खोक्यावरच्या ज्यूलच्या आकड्यावर जाते. पण कॅम्पग्राउंडवर उपकरणे जळतात त्यामागची नेहमीची कारणे वेगळी असतात आणि त्यांच्यापुढे तो आकडा कामाचा नसतो.

अमेरिका आणि कॅनडात उन्हाळा सुरू झाला की महामार्गांवर चाकांवरची घरे दिसू लागतात. मोटारीमागे जोडलेला ट्रॅव्हल ट्रेलर असो की इंजिनासकट येणारे मोटरहोम, तिथे या सगळ्यांना ‘आरव्ही’ म्हणतात. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आता अशी गाडी भाड्याने घेऊन राष्ट्रीय उद्यानांकडे निघतात. काही जण ती विकतही घेतात. रात्रीचा मुक्काम असतो कॅम्पग्राउंडवर. तिथे प्रत्येक जागेपाशी विजेचा एक बुटका खांब असतो, त्याला पेडेस्टल म्हणतात. यलोस्टोन उद्यानाच्या आत अशी वीजजोडणी देणारे कॅम्पग्राउंड एकच आहे, फिशिंग ब्रिज. त्यामुळे अनेकांना उद्यानाबाहेरच्या निरनिराळ्या मालकांच्या जागांवर उतरावे लागते. राहत्या घराचे वायरिंग एकदा तपासले की वर्षानुवर्षे तेच राहते. कॅम्परचा वीजपुरवठा मात्र दर मुक्कामाला बदलतो. समोरचा खांब कोणी जोडला, तो शेवटचा कधी तपासला गेला, हे प्लग लावणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. संरक्षक यंत्राची निवड याच अनिश्चिततेचा विचार करून करायला हवी. माझे म्हणणे थोडक्यात असे : कॅम्परसाठी असे यंत्र घ्यावे, जे खांबावरची वीज आधी मोजते, ती सदोष असेल तर आत सोडत नाही आणि पुढेही बिघाड होताच जोडणी तोडते. ते सर्ज किती मोठा झेलते, हा प्रश्न त्यानंतरचा.

सर्ज म्हणजे विजेच्या दाबात क्षणभर येणारी प्रचंड उसळी. जवळपास वीज पडली किंवा ग्रीडमध्ये मोठे स्विचिंग झाले की ती येते, आणि सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यांमध्ये मोजावी इतकी ती अल्पजीवी असते. ती अडवायला व्हॅरिस्टर नावाचा झिंक ऑक्साइडचा घटक वापरतात. नेहमीच्या दाबाला तो जवळजवळ बंद असतो; दाब मर्यादेबाहेर गेला की क्षणार्धात वाहक बनतो आणि जादा ऊर्जा स्वतःत जिरवतो. किती जिरवू शकतो, ते ज्यूलमध्ये सांगतात. एक ज्यूल म्हणजे एक वॅट शक्ती एक सेकंद. तेव्हा ३,००० ज्यूलचे यंत्र ३,००० वॅटचा मारा फक्त एक सेकंद सोसू शकते. क्षणिक उसळीसाठी ही क्षमता पुष्कळ झाली. पण जास्तीचा दाब मिनिटभर टिकला, तर व्हॅरिस्टर तापतो आणि निकामी होतो. त्याच्या आतला उष्णतेने तुटणारा फ्यूज त्याला बाजूला काढतो. मात्र बऱ्याच साध्या यंत्रांत त्यानंतरही पुढचा पुरवठा चालूच राहतो. संरक्षण संपलेले असते आणि फ्रीज, टीव्ही अजून जोडलेलेच असतात. शिवाय अमेरिकेतल्या यूएल १४४९ या मानकाच्या चाचणीत ज्यूलचा आकडा मोजलाच जात नाही. त्यात पाहतात ते, उसळीतला किती दाब यंत्रापलीकडे पोचतो. तो आकडा जितका लहान तितके यंत्र चांगले. म्हणजे निव्वळ सर्जचा विचार केला, तरी जाहिरातीतला मोठा आकडा हा चांगला निकष ठरत नाही.

टिकून राहणारा जास्तीचा दाब कुठून येतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. डीपीवरून न्यूट्रल गेल्यामुळे अख्ख्या गल्लीतले टीव्ही आणि फ्रीज जळाल्याचे आपण ऐकलेले असते. अमेरिकेत घरगुती दाब १२० व्होल्टचा असला, तरी धोक्याची जात तीच. तिथल्या मोठ्या कॅम्परना ५० अँपियरची जोडणी असते. तिच्यात दोन फेज, एक न्यूट्रल आणि एक अर्थिंग अशा चार तारा येतात. फेज आणि न्यूट्रल यांच्यात १२० व्होल्ट, तर दोन फेजमध्ये २४० व्होल्ट असतात. आता एका फेजवर १,५०० वॅटचा हीटर आणि दुसऱ्यावर टीव्ही, चार्जर मिळून १०० वॅट चालू आहेत असे समजा आणि न्यूट्रलची तार सुटू द्या. दोन्ही भार एकामागे एक जोडल्यासारखे होतात आणि २४० व्होल्ट त्यांच्यात रोधानुसार वाटले जातात. सरळ गणित मांडले, तर हीटरच्या वाट्याला १५ व्होल्ट येतात आणि टीव्हीच्या वाट्याला २२५. या वेळी तारेतून वाहणारा प्रवाह असतो अवघा दीड अँपियर. हा शेवटचा आकडा फार महत्त्वाचा आहे. खांबावरचा ५० अँपियरचा ब्रेकर प्रवाह पाहतो, दाब पाहत नाही. त्याच्या लेखी सगळे ठीक चाललेले असते.

‘खांबावर ब्रेकर आहे, कॅम्परमध्येही आहेत, मग आणखी यंत्र कशाला?’ या पहिल्या आक्षेपाचे उत्तर याच गणितात मिळते. ब्रेकर तारांना आगीपासून वाचवतो. चुकीच्या दाबापासून उपकरणे वाचवणे हे त्याचे कामच नाही. दुसरा आक्षेप लहान ट्रेलरवाल्यांचा. त्यांची जोडणी ३० अँपियरची, एका फेजची. तिथे न्यूट्रल सुटली तर मंडल तुटते आणि सगळे नुसतेच बंद पडते. हे खरे आहे, पण ट्रेलर ते खांब एवढ्या अंतरापुरतेच. कॅम्पग्राउंडची आतली वाहिनी सहसा दोन फेजचीच असते आणि ३० अँपियरचे खांब तिच्या एकेका फेजवर वाटलेले असतात. न्यूट्रल त्या मुख्य वाहिनीत तुटली, तर एका खांबावरची उपकरणे आणि दुसऱ्या खांबावरची उपकरणे वरच्याच हिशोबात सापडतात. ३० अँपियरवाल्यांना एक खास धोकाही असतो. त्यांचे सॉकेट १२० व्होल्टचे असते, पण ते कपडे वाळवण्याच्या जुन्या यंत्राच्या २४० व्होल्टच्या सॉकेटसारखे दिसते. कॅम्परची सवय नसलेला इलेक्ट्रिशियन ते पाहून २४० व्होल्ट जोडून देतो. ही चूक विशेषतः घराच्या आवारात ट्रेलरसाठी नवे सॉकेट बसवताना होते, आणि कॅम्परचा पहिला प्लग लागताच तिची किंमत मोजावी लागते.

जास्तीचा दाब नाट्यमय असतो, म्हणून लक्षात राहतो. कमी दाब हळूहळू मारतो, आणि कॅम्पग्राउंडवर तोच अधिक वेळा भेटतो. त्याचे मूळ आखणीतच आहे. तिथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचे ५५१ वे कलम आरव्ही आणि आरव्ही पार्कसाठी आहे. सगळे कॅम्पर एकाच वेळी पूर्ण भार घेणार नाहीत, असे ते धरून चालते. ३६ किंवा अधिक जागांच्या पार्कमध्ये मुख्य वाहिनी एकूण भाराच्या ४१ टक्के धरून आखण्याची मुभा ते देते. एरवी हे गृहीतक योग्यच आहे. पण कडक उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दुपारी, पार्क पूर्ण भरलेले असताना प्रत्येक छतावरचा एसी एकदम सुरू होतो, तेव्हा ते ताणले जाते. एकच एसी असलेल्या गाड्यांच्या काळात उभारलेल्या जुन्या पार्कांत तर आता दोन-दोन एसीच्या गाड्या उतरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकानुसार पुरवठा ११४ ते १२६ व्होल्टच्या दरम्यान हवा. अशा दुपारी तो शंभरीच्या आसपास घसरू शकतो. कॉम्प्रेसरच्या मोटरला तेवढेच काम कमी दाबावर करायचे असल्याने ती जास्त प्रवाह ओढते, आणि वेटोळ्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह १० टक्के वाढला की उष्णता २१ टक्के वाढते. मोटर त्या दिवशी जळत नाही. तिचे आयुष्य मात्र कमी होते, आणि पुढे ती बंद पडते तेव्हा दोष एसीच्या माथी मारला जातो. व्हॅरिस्टरवाल्या साध्या यंत्राला या घसरणीचा पत्ताही लागत नाही.

उरला अर्थिंगचा प्रश्न, आणि तो उपकरणांचा नसून माणसांचा आहे. कॅम्परचा पत्रा रबरी टायरांवर उभा असतो. खांबावरचे अर्थिंग तुटलेले असेल आणि आत कुठे थोडी गळती असेल, तर तो पत्रा जिवंत होतो. ओल्या गवतावर उभे राहून दाराच्या कडीला हात लावणाऱ्याला झटका बसतो. तो जीवघेणाही ठरू शकतो. फेज-न्यूट्रलची अदलाबदल आणि अर्थिंगचा अभाव ओळखून वीज आत न सोडणारे यंत्र म्हणूनच केवळ टीव्ही-फ्रीजचा हिशोब करून घ्यायची वस्तू नाही.

ही सगळी कामे करणाऱ्या यंत्राला बाजारात ईएमएस, म्हणजे एनर्जी मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात. नावात एक गफलत आहे. काही कॅम्परमध्ये भार वाढला की एक-एक उपकरण बंद करणारी व्यवस्था असते, तिलाही हेच नाव आहे आणि तिचा या संरक्षणाशी संबंध नाही. तेव्हा नावाऐवजी गुण पाहावेत. जोडताच तारांची तपासणी होते का? दाब साधारण १०४ व्होल्टच्या खाली किंवा १३२ च्या वर गेला की यंत्र जोडणी तोडते का? न्यूट्रल सुटली तर तोडते का? तोडल्यानंतर कॉम्प्रेसरला उसंत मिळावी म्हणून दीड-दोन मिनिटे थांबून मगच पुन्हा जोडते का? व्हॅरिस्टर संपल्याची खूण दिसते का, आणि तेवढाच भाग बदलता येतो का? आणि यंत्र आपल्या जोडणीएवढ्या क्षमतेचे, ३० अँपियरचे की ५० चे? साधा सर्ज प्रोटेक्टर शंभर डॉलरच्या आसपास मिळतो, तर ईएमएसला साधारण अडीचशे ते साडेचारशे डॉलर पडतात. महाग आहे, हा आक्षेप म्हणूनच समजण्यासारखा आहे. पण छतावरचा एक एसी बदलायचा, तरी मजुरीसकट त्याहून कितीतरी जास्त खर्च येतो, आणि न्यूट्रल जाते तेव्हा नुकसान एकाच उपकरणावर थांबत नाही.

‘मल्टिमीटरने किंवा तीन दिव्यांच्या टेस्टरने खांब तपासून घेतला की झाले,’ असेही जाणकार म्हणतात. ही सवय उत्तमच आहे आणि ईएमएस घेतल्यावरही सोडू नये. पण अशी तपासणी त्या क्षणापुरती असते. संध्याकाळी सहाला ठीक असलेला दाब दुसऱ्या दिवशी दुपारी घसरतो, आणि ढिला झालेला न्यूट्रलचा स्क्रू भार वाढल्यावरच दगा देतो. मीटर धरून चोवीस तास कोणी उभे राहत नाही. याउलट ईएमएसलाही न दिसणारा एक दोष आहे. कोणी न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधून फेजशी उलटापालट केलेली असेल, तर सगळे मोजमाप बरोबर येते आणि पत्रा मात्र जिवंत असतो. तारेला न टेकवता दाब ओळखणारा पेनासारखा टेस्टर पत्र्याजवळ नेला, तर हा दोष पकडता येतो. तो स्वस्त असतो, बरोबर ठेवावाच.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे. भर उन्हात यंत्राने वीज तोडली, आत कुत्रा किंवा आजारी माणूस असेल, तर संरक्षणच घातक ठरणार नाही का? हा धोका खरा आहे. पण कमी दाबावर चालणारा एसीही अखेर बंद पडतो, फक्त कधी ते कळत नाही. उपाय म्हणजे आतल्या तापमानाची सूचना फोनवर देणारा सेन्सर बसवणे, दुपारी मायक्रोवेव्ह आणि वॉटर हीटर बंद ठेवून दाब सांभाळणे आणि खांबापर्यंत जाड तार वापरणे. ३० मीटरच्या १४ गेज एक्स्टेन्शनमध्ये १२ अँपियरला सुमारे ६ व्होल्ट वाटेतच जातात, हे लक्षात ठेवावे. जनरेटरवर मात्र ईएमएस नाहक अडते, कारण पोर्टेबल इन्व्हर्टर जनरेटरमध्ये बहुधा न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेले नसतात. त्यासाठी ते दोन्ही जोडणारा खास प्लग मिळतो. यंत्र वगळून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

खांबाला लावायचे फिरते यंत्र घ्यावे की आत कायमचे बसवावे, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. भाड्याच्या किंवा लवकरच बदलायच्या गाडीला फिरते यंत्र बरे. त्याला कुलूप मात्र लावावे. स्वतःच्या गाडीत आत बसवलेले यंत्र पावसापासून आणि चोरीपासून सुरक्षित राहते, पण ते बसवायला जाणकार हवा. आणि थेट गाडीवर किंवा अगदी जवळ पडलेली वीज यांपैकी कोणतेच यंत्र झेलू शकत नाही. गडगडाट सुरू होण्यापूर्वीच प्लग काढून ठेवणे हे तिथे एकमेव संरक्षण.

जोडणीची शिस्तही या यंत्राइतकीच गरजेची. खांबाचा ब्रेकर आधी बंद करावा, मग प्लग लावावा, मग ब्रेकर चढवून यंत्राचा निकाल वाचावा. निकाल वाईट आला, तर यंत्राला बगल देण्याचा मोह टाळून दुसरी जागा मागावी आणि कोणता दोष दिसला ते कार्यालयात स्पष्ट सांगावे. सांगितल्याशिवाय तो खांब दुरुस्त होणार नाही, आणि त्याच जागेवर उद्या उतरणाऱ्या कुटुंबाकडे असे यंत्र असेलच असे नाही.