आडवाटेची गाडी – लेखांक ६ : स्नॉर्केल आणि प्री-फिल्टर

इंजिन इंधनावर चालते असे सर्वसाधारणपणे म्हटले जात असले, तरी त्याच्या पोटात जाणाऱ्या पदार्थांत इंधनाचा वाटा नगण्य आणि हवेचा वाटा प्रचंड असतो. एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे १०,००० लिटर हवा लागते, आणि डिझेल इंजिन नेहमीच गरजेहून अधिक हवा घेत असल्याने प्रत्यक्षातील आकडा याहूनही मोठा असतो. अडीच लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे करीत असेल, तर टर्बोचार्जरने दाबून भरलेली जादा हवा बाजूला ठेवली तरी ते दर मिनिटास अडीच हजार लिटर हवा ओढते. ही हवा कोठून घेतली जाते आणि तिच्याबरोबर आणखी काय आत येते, याची चिंता गुळगुळीत महामार्गावर फारशी करावी लागत नाही. सिंधुदुर्गात मात्र ती वर्षातून दोनदा, दोन निराळ्या कारणांनी करावी लागते.

जून ते सप्टेंबर या काळात कारण पाण्याचे असते. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान ३,००० मिलिमीटरच्या वर, आणि घाटमाथ्यावरील आंबोलीचे त्याच्या दुपटीहून अधिक. हे सारे पाणी सह्याद्रीच्या उतारावरून अवघ्या काही तासांत खाडीकडे धावते आणि वाटेतले व्हाळ, ओहोळ व नद्या एकदम फुगवते. तेरेखोलच्या काठचे बांदा, शुक नदीकाठचे खारेपाटण, माणगाव खोऱ्यात निर्मला नदीवरील आंबेरीचा पूल ही नावे पावसाळ्यातील बातम्यांत पुन्हापुन्हा येतात. गावोगावचे कॉजवे, म्हणजे पुराचे पाणी वरून वाहून जावे अशाच बेताने बांधलेले ठेंगणे पूल, तर दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात. ऑक्टोबर ते मे या उरलेल्या काळात कारण धुळीचे असते. जांभ्याच्या सड्यांवरून जाणारे कच्चे रस्ते, चिरेखाणींतून निघणारे ट्रक, रेडीच्या लोहखनिजाची वाहतूक आणि पाणंदीतली सुकलेली तांबडी माती मिळून जी बारीक पूड हवेत उडते, ती मागून येणाऱ्या गाडीच्या बॉनेटखाली थेट शिरते.

कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत हवा घेण्याचे तोंड दिव्यांच्या वा रेडिएटरच्या वरच्या बाजूस, बॉनेटच्या आत असते. स्नॉर्केल म्हणजे हे तोंड बाहेरून, समोरच्या काचेच्या खांबाला लागून, छपराच्या उंचीपर्यंत नेणारी नळी. मालवणच्या किनाऱ्यावर पाण्यात तोंड बुडवून मासे व प्रवाळ पाहणारा पर्यटक ज्या नळीने श्वास घेतो तिचे नाव आणि तत्त्व हेच आहे. यंत्रांच्या जगात ही कल्पना प्रथम पाणबुड्यांत रुजली: १९३० च्या दशकात डच नौदलाने तिच्यावर काम केले, १९४० मध्ये हॉलंड पडल्यावर ती जर्मनांच्या हाती आली, आणि युद्ध संपण्यापूर्वी दोस्तांच्या जीप व रणगाडेही उंच नळ्या लावून किनाऱ्यांवर उतरू लागले. नागरी गाड्यांत तिचा प्रसार ऑस्ट्रेलियातील दूरवरच्या मातीच्या रस्त्यांनी आणि १९८० ते २००० या काळात भरलेल्या कॅमल ट्रॉफीसारख्या मोहिमांनी घडवला. सिंधुदुर्गाच्या शेजारी, गोव्यात २०१४ मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या स्पर्धेने ती इकडच्या तरुण चालकांच्या नजरेत भरवली, आणि पुण्याच्या फोर्स मोटर्सने आपल्या गुरखा गाडीला ही नळी कारखान्यातच बसवून दिली.

पाण्यापासून इंजिनाला नेमका धोका कोणता, हे आकड्यांनी लवकर उमगते. अडीच लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरची क्षमता सुमारे ६२५ घन सेंटिमीटर असते. डिझेल इंजिन ही हवा साधारण सोळा-सतरा पटींनी दाबते, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचला की त्याच्या माथ्यावर जेमतेम ४० घन सेंटिमीटर जागा उरते. हवा दबते, पाणी दबत नाही; तेव्हा चहाचा लहान पेला निम्मा भरेल इतकेच पाणी एका सिलिंडरमध्ये आले तरी पिस्टनला वर जाण्यास वाव राहत नाही, आणि फिरत्या इंजिनाचा सारा जोर कनेक्टिंग रॉडवर, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यावर, येऊन तो वाकतो किंवा तुटतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. पाण्यात बंद पडलेली गाडी घाबरून पुन्हा स्टार्ट करणारा चालक बहुतेक वेळा हाच अपघात स्वहस्ते पुरा करतो.

नळी उंच नेली की हा एक धोका टळतो. मात्र टळतो तो एवढाच एक. कारखान्यांनी जाहीर केलेले आकडे याबाबतीत फार बोलके आहेत. २०२० च्या महिंद्रा थारला कारखान्याकडून स्नॉर्केल नाही, आणि तिची पाण्यातून जाण्याची जाहीर मर्यादा ६५० मिलिमीटर आहे. २०२१ च्या गुरखाला तो आहे, नळीचे तोंड जमिनीपासून सुमारे दोन मीटरवर आहे, तरीही तिची जाहीर मर्यादा ७०० मिलिमीटरच आहे. दोन भिन्न गाड्यांची ही तुलना काटेकोर नव्हे हे मान्य केले, तरी छपरापर्यंत नळी नेणारा कारखानाच गुडघ्याच्या थोडे वर थांबण्यास का सांगतो, हे ग्राहकाने स्वतःला विचारले पाहिजे. उत्तर असे की अल्टरनेटर, विजेच्या तारांचे जोड, इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, रेडिएटरचा पंखा आणि ॲक्सलच्या ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळ्या जेथे होत्या तेथेच राहतात, आणि शिवाय गाडी तरंगू लागते. चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद गाडीचा तळ पाण्यात टेकल्यानंतर, पाणी आत शिरेपर्यंत, दर १० सेंटिमीटर खोलीमागे तिला जास्तीत जास्त ७०० किलोंची उचल मिळू शकते. पाणी चाकांच्या कमानींतून व बॉनेटखालून झिरपत असल्याने प्रत्यक्ष उचल यापेक्षा कमी असते. पण टायरांवरचा भार निम्म्यावर आला की कॉजवेच्या शेवाळलेल्या काँक्रीटवर त्यांची पकडही निम्मी होते, आणि आडव्या प्रवाहाला गाडी खाली लोटण्यास तेवढे पुरते. पुरात वाहून जाणाऱ्या गाडीचे इंजिन चालू होते की बंद, याने काहीच फरक पडत नाही.

म्हणून सिंधुदुर्गातील चालकाने स्नॉर्केलचा विचार पाण्याच्या निमित्ताने केला तरी निर्णय धुळीच्या हिशेबाने घ्यावा, हे या लेखांकाचे मुख्य प्रतिपादन आहे. जांभा हा लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी बनलेला, उष्ण व अतिवृष्टीच्या प्रदेशात खडक कुजून तयार होणारा दगड असून भूशास्त्रात त्याचे वर्णन १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारच्या प्रवासवर्णनात प्रथम केले. त्याच्या पुडीतील हेमॅटाइटचे आणि मातीत मिसळलेल्या गारेचे कण सिलिंडरच्या बिडाच्या भिंतीपेक्षा कठीण असतात. कागदी एअर फिल्टर त्यांतील बहुतेक अडवतो, परंतु निसटलेले काही मायक्रॉनचे कण पिस्टनच्या रिंगा व भिंत यांच्यामधील तेलाच्या पातळ थरात मिसळून कानसीचे काम करतात. त्याची चाहूल एकदम लागत नाही. तेल कमी होऊ लागते, निळसर धूर दिसतो, चढावर जोर उतरतो, आणि मालक दोष डिझेलला देतो. ऑस्ट्रेलियात टोयोटाने लँड क्रूझरच्या ७० मालिकेला कारखान्यातूनच स्नॉर्केल दिला, त्यामागे तेथील वाळवंटी रस्त्यांवरील पिठासारख्या धुळीचा विचार नद्यांइतकाच होता. धूळ जमिनीलगत सर्वांत दाट असते आणि छपराच्या उंचीवर विरळ होते, एवढ्या साध्या कारणाने नळीचे तोंड वर नेल्यावर फिल्टरवरचा बोजा उतरतो.

त्या विरळ धुळीतूनही जाड कण आधीच वेगळे काढण्यासाठी नळीच्या माथ्यावर जे उपकरण बसते ते प्री-फिल्टर. त्याचा सर्वांत विश्वासार्ह प्रकार ग्रामीण वाचकाला ट्रॅक्टरच्या बॉनेटवरील पारदर्शक वाटीमुळे परिचित आहे: आत येणारी हवा तिरप्या पात्यांतून जाताना भोवऱ्यासारखी फिरते, जड कण बाहेरच्या भिंतीकडे फेकले जाऊन वाटीत साचतात आणि हलकी हवा मधल्या नळीतून खाली उतरते. वाटीवरील खुणेपर्यंत धूळ भरली की ती रिकामी करावी लागते. दुसऱ्या प्रकारात वाटी नसते आणि कण कडेच्या फटीतून आपोआप बाहेर फेकले जातात. दोहोंची मर्यादा एकच, ती म्हणजे हवेचा वेग कमी असताना भोवरा नीट तयार होत नाही व अतिसूक्ष्म पूड पुढे निसटते, म्हणून मूळ कागदी फिल्टर काढून टाकण्याचा मोह कोणी धरू नये. नळीच्या तोंडावर ओढून बसवायची तेलात भिजवलेली फोमची टोपीही बाजारात मिळते. ती स्वस्त आहे व कोरड्या हवेत चांगले काम करते, पण कोकणच्या पावसात भिजून ती इंजिनाचा श्वासच कोंडते.

बसवण्याच्या कामात कौशल्यापेक्षा सावकाशीला महत्त्व आहे. नळी त्याच गाडीच्या मॉडेलसाठी घडवलेली असावी आणि सूर्यप्रकाशाने न तडकणाऱ्या पॉलिथिलीनची असावी. स्वस्त, ठिसूळ प्लास्टिक दोन उन्हाळ्यांत फुटते आणि झाडाच्या फांदीचा फटका सोसत नाही. नळीबरोबर येणारा कागदी साचा फेंडरवर चिकटवून, आतल्या बाजूस तारा वा नळ्या नाहीत याची खात्री करून, आधी बारीक ड्रिलने आणि मग होल-सॉने, म्हणजे गोल दातेरी करवतीने, भोक पाडतात. या क्षणी मालवणच्या किनाऱ्यावरील मेस्त्रीला जी काळजी घ्यावी लागते ती पुण्याच्या मेस्त्रीला कदाचित लागणार नाही: कापलेल्या पत्र्याची उघडी कड खाऱ्या हवेत लगेच गंजू लागते, म्हणून तिला घासून, गंजरोधक प्रायमर व रंगाचे दोन हात देऊन, तो पूर्ण वाळल्यावरच पुढचे काम हाती घ्यावे, आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच वापरावेत. आतील रबरी वा सिलिकॉनची नळी एअरबॉक्सला, म्हणजे फिल्टरच्या डब्याला, जोडताना दोन्ही टोकांना होज क्लिप घट्ट आवळावी लागते, कारण स्नॉर्केलची उंची किती याला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा खालचा एकही जोड गळत नाही.

खरी अडचण एअरबॉक्सच्या तळाशी असते. तेथे पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी कारखान्याने एक-दोन लहान भोके ठेवलेली असतात. ती उघडी राहिली तर गाडी पाण्यात शिरताच इंजिन उंच नळी सोडून त्या भोकांतून पाणी ओढते. ती कायमची बुजवली तर आंबोलीच्या पावसात नळीच्या तोंडातून आलेले पाणी डब्यातच साचून फिल्टर भिजवते. कोरड्या प्रदेशातल्या माहितीपुस्तिका ती सरसकट बुजवा असे सांगतात. कोकणासाठी तो सल्ला चुकीचा आहे. येथे त्या जागी एकदिशा झडप, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी पण आत न घेणारी रबरी चोच, बसवावी आणि पावसाळ्यात दर आठवड्याला डबा उघडून पाहावा. पुढे तोंड असलेल्या माथ्याला मागील बाजूस पाणी निथळण्याची फट असते, ती चिखलाने बुजलेली नाही हेही त्याच वेळी तपासावे.

काम पुरे झाल्यावर परीक्षा सोपी आहे. इंजिन मंद गतीवर चालू ठेवून नळीचे तोंड रबर लावलेल्या सपाट फळीने काही सेकंदच झाकावे. इंजिन गुदमरून बंद पडले किंवा पडू लागले तर जोड पक्के आहेत, आणि ते निवांत चालत राहिले तर हवा दुसरीकडून कोठून तरी येते आहे व पाणीही तेथूनच येईल. माथे मात्र दोन ठेवावेत. पावसाळ्यात पाणी निथळणारा साधा माथा आणि दिवाळीपासून मेअखेरपर्यंत भोवऱ्याचा प्री-फिल्टर, असा बदल एका क्लिपने पाच मिनिटांत होतो. वाटीचा प्री-फिल्टर पावसात तसाच ठेवला तर वाटीत पाणी साचून तिचा उपयोग संपतो. कागदी फिल्टरला कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारण्याची गॅरेजांतील सवयही सोडलेली बरी, कारण तिने कागदाला डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी पडतात.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कारखान्याच्या मूळ रचनेहून भिन्न होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हे कलम कडकपणे वाचले. कारखान्यातून स्नॉर्केलसह आलेल्या गाडीला हा प्रश्न नाही. बाहेरून बसवणाऱ्याने मात्र पत्रा कापण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून, विमा कंपनीकडून आणि वॉरंटी शिल्लक असल्यास विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्यावे. पाण्यामुळे झालेले इंजिनाचे नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा धरले जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोडपॉलिसी वेगळी घ्यावी लागते.

चिरेखाणीच्या रस्त्यावर किंवा खनिजाच्या डंपरांमागून रोज धावणाऱ्या पिकअपला स्नॉर्केल व भोवऱ्याचा प्री-फिल्टर यांचा खर्च फिटतो. सुट्टीत एखाद्या वेळी तारकर्लीला येऊन पुळणीवर गाडी घालण्यासाठी तो करू नये. समुद्राचे खारे पाणी कोणत्याही नळीला न जुमानता ब्रेक, बेअरिंग आणि विजेचे जोड खाऊन टाकते. पाण्याखाली गेलेल्या कॉजवेपुढे उभ्या असलेल्या चालकाने, त्याच्या छपरावर कोणतीही नळी असली तरी, पाणी उतरेपर्यंत थांबावे. ॲक्सल व गिअरबॉक्स यांच्या ब्रीदर नळ्या उंच नेण्याचे काम पुढील लेखांकात येईल; स्नॉर्केल बसवण्याचे ठरवलेल्या वाचकांनी ते वाचल्यावरच गाडी मेस्त्रीकडे द्यावी, कारण दोन्ही कामे एकाच वेळी केल्यास बॉनेटखालची उघडझाप एकदाच करावी लागते.