जीप का थरथरते?

हल्ली शहरात एक नवा प्रकार दृष्टीस पडतो. सोसायटीच्या आवारात एखादी जीप उभी असते आणि शेजारच्या मोटारींकडे ती माडीवरून खाली पाहावे तशी पाहत असते. चाके नेहमीपेक्षा मोठी, पोट जमिनीपासून वीतभर जास्त वर, आणि आत चढताना घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणीतरी हात द्यावा लागतो. कंपनीतून ती अशी आलेली नसते. मालकाने हौसेने तिला उंच करून घेतलेली असते. मावळातले दगडधोंडे, ओढे, पावसाळ्यातला चिखल यांतून पोट न घासता जावे, हा त्यातला हेतू. हेतू वाईट नाही. मात्र मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने कंपनीच्या मूळ मोजमापात फेरफार करायला मर्यादा घातल्या आहेत आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही त्या अधोरेखित केल्या आहेत, हे हौशी मंडळींनी पैसे मोजण्यापूर्वी लक्षात घेतलेले बरे.

मला आज सांगायचे आहे ते कायद्याचे नव्हे. उंच केलेली जीप ठरावीक वेगाला थरथरू लागते, तिच्या फरशीतून एक घुमारा उठतो, आणि तो कशाचा हे शोधता शोधता घरातली माणसे आणि खिसा दोन्ही हैराण होतात, त्याची ही हकीकत आहे. जीप माझ्या पुतण्याची. मी तंत्रनिकेतनाच्या कर्मशाळेत तेहतीस वर्षे काढली असल्यामुळे घरातल्या शिलाईयंत्रापासून सगळ्या दुखण्यांचा मी वैद्य मानला जातो.

पुतण्याने आपली आखूड बांध्याची जुनी जीप तीन इंच उंच करून घेतली होती. त्यातले दोन इंच नव्या, जास्त बाकदार पाट्यांनी मिळवले आणि एक इंच पाट्यांच्या मागच्या टोकाची शॅकल दोन इंच लांब करून. शॅकल जितकी लांबवावी त्याच्या निम्मीच उंची पदरात पडते. बाकीची निम्मी कुठे जाते ते पुढे येईलच. गाडी घरी आली आणि ताशी पंचेचाळीसच्या पुढे कापू लागली. पंचावन्नला तर मागच्या बाकावरच्या मुलांचे शब्दही थरथरत बाहेर पडत. गॅरेजवाल्याने चाके बॅलन्स केली, इंजिनाखालची रबरे बदलली, मग पुन्हा एकदा चाके बॅलन्स केली. शेवटी तो म्हणाला, "साहेब, गाडी उंच केली की एवढं चालायचंच."

आठ दिवसांनी ही सारी मंडळी दिवाळीसाठी ताम्हिणी घाटाने श्रीवर्धनला जायची होती. पुतण्या, सूनबाई, दोन मुले आणि आमच्या वहिनी.

"काका, एवढ्यासाठी बेत रद्द करायचा का?" पुतण्याने विचारले.

मी म्हटले, "मुलं बसतात त्या बाकाखाली काय फिरतं, ते तू वाकून पाहिलं आहेस का?"

तिथे प्रॉपेलर शाफ्ट फिरतो. गिअरबॉक्सच्या मागे असलेल्या ट्रान्स्फर केसपासून मागच्या आसापर्यंत इंजिनाची ताकद नेणारा हा पोलादी नळ. आखूड जीपमध्ये तो जेमतेम वीस इंचांचा असतो. त्याचा पुढचा सांधा धावत्या गाडीत तुटला तर शाफ्टचे टोक खाली पडून रस्त्यात रुतू शकते. मागचा तुटला तर मोकळे टोक फरशीवर दणके घालते. शिवाय मागच्या चाकांना इंजिनाचा जो अटकाव असतो तो त्या क्षणी संपतो, आणि घाट उतरताना आपण त्याच्यावरच भिस्त ठेवलेली असते. जुन्या विलिस जीपमध्ये तर हँडब्रेकही चाकांवर नसून याच शाफ्टच्या तोंडाशी होता. म्हणजे शाफ्ट गेला की हातातला दांडा नुसता शोभेचा. थरथर ही नुसती गैरसोय समजू नये ती एवढ्यासाठी. कापत राहिलेल्या सांध्यातल्या बारीक सुयांसारख्या बेअरिंगना दम नसतो. त्या झिजतात आणि एके दिवशी साथ सोडतात.

आता निदानाकडे वळू. वैद्य नाडी पाहतो तशी गाडीची नाडी पाहावी लागते, आणि ती हत्यारांनी नव्हे, आधी बसून. आम्ही दोघे सोलापूर रस्त्याला यवतच्या पुढे गेलो. भल्या सकाळची वेळ, रस्ता सरळ आणि मोकळा. पंचावन्नला थरथर आली. मी म्हटले, "वेग तोच ठेव आणि गिअर एक खाली घे." इंजिन ओरडू लागले, फेरे वाढले, पण थरथर होती तशीच राहिली. इंजिन, क्लच, त्यांची रबरे यांच्यावरचा आळ इथेच उडाला. दोष इंजिनाचा असता तर तो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलला असता. हा गाडीच्या वेगाशी बांधलेला होता.

मग चाके की शाफ्ट? इथे थोडे गणित कामाला येते आणि ते घरच्या कोणालाही जमेल असे आहे. ३१ इंची टायरचा घेर सुमारे अडीच मीटर. ताशी ५५ किलोमीटरला असे चाक मिनिटाला सुमारे ३७० फेरे घेते. या जीपच्या मागच्या आसात चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट सुमारे चार फेरे घेतो, म्हणजे मिनिटाला जवळजवळ दीड हजार. चाक बेताल असले तर सेकंदाला सहा धक्के बसतात; ते सुटेसुटे जाणवतात, बहुधा स्टिअरिंगमध्ये किंवा बैठकीत. शाफ्टचा तोल गेला असला तर सेकंदाला पंचवीस. आणि शाफ्टच्या सांध्यांचे कोन बिघडले असले तर त्याच्या दुप्पट, पन्नास. आमच्या जीपमधली थरथर हादऱ्यासारखी नव्हतीच. हार्मोनियमच्या खर्जाच्याही खालून यावा तसा तो सलग घुमारा होता. शिवाय पायाखालचा ॲक्सिलरेटर दाबला की तो वाढे आणि गाडी मोकळी सोडली की खूपसा ओसरे. निव्वळ तोल गेलेला शाफ्ट इतका लहरी नसतो. भार असो वा नसो, तो आपला कापतच राहतो. माझा संशय कोनांवर बसला.

तरी संशयावर खर्च करू नये. घरी आल्यावर चाकांना दगड लावून आम्ही पुढच्या आसाचा शाफ्ट सोडवून बाजूला ठेवला आणि चक्कर मारली. घुमारा कायम. मग तो परत बसवून मागचा सोडवला, आणि पुढच्या चाकांचा दांडा टाकून केवळ पुढच्या आसावर जीप चालवली. पंचावन्न, साठ, पासष्ट, आणि गाडी कशी देवघरासारखी शांत! पुतण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. इतक्या महिन्यांत बदललेल्या एकाही वस्तूचा या दुखण्याशी संबंध नव्हता.

आता हा सांधा म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. दोन चिमटे समोरासमोर, पण एक उभा आणि एक आडवा धरावा, आणि त्यांच्या चार टोकांमध्ये अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा अडकवावा. झाला युनिव्हर्सल जॉइंट. नाना पेठेत त्याला नुसते 'क्रॉस' म्हटले की दुकानदार काढून देतो. सोळाव्या शतकातल्या कार्दानोचे नाव त्याला चिकटले आहे आणि सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास केला. वाकड्या रेषेतूनही फिरणे पुढे पोचवणारी ही मोठी नामी युक्ती. पण तिच्यात एक खोड आहे. सांध्याच्या अलीकडचा दांडा अगदी एका लयीत फिरत असला तरी पलीकडचा तसा फिरत नाही. तो प्रत्येक फेऱ्यात दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. कोन ५ अंशांचा असला तर ही घाई अर्ध्या टक्क्याच्याही आत असते. १० अंशांना ती दीड टक्का होते आणि २० अंशांना सहा टक्क्यांवर जाते. कोन दुप्पट झाला की खोड चौपट वाढते.

यावर उपाय म्हणून शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा सांधा असतो. पहिल्याने केलेली घाई दुसरा नेमकी त्याच क्षणी परत घेतो, आणि आसाकडे फिरणे पुन्हा एका लयीत पोचते. मात्र त्याला दोन अटी आहेत. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे एका रेषेत हवेत, आणि दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत. एका बाजूने तोळा आणि दुसऱ्या बाजूने मासा असला की हिशोब फिटत नाही.

चिमटे एका रेषेत होते. ते मी आधीच पाहून घेतले. शाफ्ट दोन तुकड्यांचा असून एकात एक सरकतो, आणि सोडवून परत बसवताना एखादा दाता चुकला तर ही रेष बिघडते. म्हणून सोडवण्यापूर्वी दोन्ही तुकड्यांवर खडूची खूण करावी. शाफ्टला चिखलाचा वाळलेला गोळा चिकटलेला नाही ना, तोलासाठी डकवलेली पत्री उडालेली नाही ना, हेही हात फिरवून पाहिले. (एवढ्याशा चिखलानेही गाडी कापते. जंगलातून आलेल्या गाडीचे पोट आधी धुवावे.) सांधे हाताने हलवून पाहिले, खडखड नव्हती.

मग कोन मोजले. पुतण्याने मोबाईल काढला, त्यात म्हणे सगळे मोजता येते. मी नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि गवंड्याचा ओळंबा घेतला. गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी. जॅकवर मोजले तर आस लोंबतो आणि सगळे आकडे खोटे येतात. दोघांच्या मोजण्यात अर्ध्या अंशाचाही फरक आला नाही, आणि मोबाईलबद्दल माझे मत थोडे सुधारले. ट्रान्स्फर केसचा दांडा मागे ३ अंश खाली झुकलेला. शाफ्ट साडेसोळा अंश. आणि मागच्या आसातला पिनियन ८ अंश नाक वर करून बसलेला. म्हणजे पुढच्या सांध्याला कोन साडेतेरा आणि मागच्याला साडेआठ. पुढचा सांधा जवळजवळ पावणेतीन टक्क्यांचा घोळ घाली आणि मागचा त्यातला जेमतेम एक टक्का निस्तरी. उरलेला पावणेदोन टक्के घोळ सेकंदाला पन्नास वेळा फरशीतून मुलांच्या पायांत जात होता.

पिनियनने नाक वर का केले होते? निम्मा दोष लांब शॅकलचा. ती पाट्याचे मागचे टोक चौकटीपासून खाली ढकलते, पाटा तिरका होतो आणि त्याच्यावर बसलेला आस मागे कलंडतो. वाया गेलेली निम्मी उंची ती हीच. दुसरा निम्मा दोष हाताने घातलेला होता. पाटा आणि आस यांच्यामध्ये कोणीतरी अडीच अंशांची पाचर बसवली होती, पिनियन शाफ्टच्या रोखाने वळावा म्हणून. ही युक्ती खोटी नाही, पण ती दुसऱ्या जातीच्या शाफ्टची. ज्या शाफ्टच्या वरच्या टोकाला जोडसांधा असतो, म्हणजे दोन क्रॉस पाठोपाठ, तो आपला घोळ तिथेच मिटवतो. तेव्हा खालचा पिनियन शाफ्टच्या रेषेत, किंबहुना एखाद-दोन अंश खालीच ठेवतात, कारण जोर आला की तो आपोआप वर उचलला जातो. आमच्या जीपला साधा शाफ्ट, दोन टोकांना एकेक क्रॉस. तिथे पिनियन ट्रान्स्फर केसच्या दांड्याशी समांतर हवा. एका रोग्याची पुडी दुसऱ्याला दिली गेली, इतकेच.

नुसती पाचर काढावी आणि कोन सारखे करावेत असे पुतण्याचे म्हणणे पडले. ते अर्धेच बरोबर होते. दोन्हीकडे साडेतेरा अंश झाले असते तर आसाकडे लय नीट पोचली असती. पण मधला शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात घाई करत आणि रेंगाळत राहिलाच असता, आणि त्या ओढाताणीने सांधे लवकर गेले असते. कोन सारखेही हवेत आणि लहानही. जोडसांध्याचा शाफ्ट बसवायचा तर आसावरच्या बैठका कापून नव्याने वेल्ड कराव्या लागल्या असत्या. आठ दिवसांत आणि त्याच्या खिशात ते बसणारे नव्हते.

तेव्हा आम्ही तडजोड केली. लांब शॅकल काढून मूळची बसवली. एक इंच उंची गेली. ट्रान्स्फर केस ज्या आडव्या पट्टीवर टेकते ती एक इंच खाली घेतली. त्यामुळे पोटाखालची जागा आणखी एक इंचाने कमी झाली, आणि पुतण्या तासभर माझ्याशी बोलला नाही. पण आता शाफ्ट पावणेअकरा अंशांवर आला, वरचा दांडा साडेचारवर, आणि अडीचाच्या जागी दीड अंशाची पाचर घालताच पिनियनही साडेचारवर. दोन्ही सांध्यांना सव्वासहा, सव्वासहा. पूर्वीपेक्षा निम्म्याहून कमी. उंचीमुळे दीड सेंटिमीटर बाहेर ओढला गेलेला सरकता तुकडाही पुरेसा आत गेला. दोन्ही क्रॉस नवे घातले, निपलमधून ग्रीस भरले, यू-बोल्ट आवळले.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पुन्हा सोलापूर रस्ता. पंचावन्न आले आणि गेले. सत्तरला पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी फरशीवर तळहात टेकवून बसलो होतो. टायरांची नेहमीची गुणगुण तेवढी लागत होती. वाटेत थांबून वाकून दोन्ही सांध्यांना हात लावला, तर नुसते कोमट.

मंडळी श्रीवर्धनला जाऊन आली. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी नीट धरून ठेवली, असे पुतण्याने फोनवर कळवले, आणि वहिनींनी मागून ओरडून सांगितले की गाडी अजूनही फार उंच आहे. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. पाचरी बसवल्यावर पाचशे किलोमीटरांनी यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. त्यासाठी मी त्याला येत्या रविवारी सकाळी बोलावले आहे.