मुक्या हातांची भाषा

उन्हाळ्यांत वाळलेल्या सागाच्या पानावर पाऊल पडलें म्हणजे केवढा आवाज होतो, हें चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील मुलांस निराळें सांगावयास नको. त्यांतच मनुष्याचा शब्द निघाला कीं चितळ कान टवकारतें, वानर झाडावरून इशारा देतो, आणि सारें रान क्षणांत सावध होतें. अशा ठिकाणीं चार सहा जणांस एकविचारानें चालावयाचें असेल तर त्यांनीं बोलावें कसें? उत्तर सोपें आहे: हातानें बोलावें.

ही केवळ कल्पना नव्हे. आपल्या ताडोब्याचेंच उदाहरण घ्या. हें रान १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें आणि १९९५ सालीं अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्पांत आलें. २००६ पासून दर चार वर्षांनीं देशभर वाघांची गणना होते. तींत वाघाच्या भक्ष्याचीही मोजदाद करावी लागते. त्यासाठीं वनरक्षक व त्याचे सोबती पहांटे एका आंखलेल्या सरळ वाटेनें पायीं जातात, आणि दिसलेला प्राणी कोणता, किती, कोणत्या दिशेस व किती अंतरावर, हें टिपून घेतात. "तें पाहा चितळ!" असें कोणी ओरडला तर चितळ पळेल आणि टिपण व्यर्थ जाईल. म्हणून तेथें जिभेचें काम हातानें करणें इष्ट होय.

सैन्यांत अशा खुणा पूर्वीपासून आहेत. बेडन पॉवेल यांनीं १९०८ च्या आपल्या ग्रंथांत बालवीरांसाठींही कांहीं दिल्या. दोहोंतील मुख्य खुणा येणेंप्रमाणें:

१. उघडा तळहात डोक्यावर सरळ उभा धरणें: थांबा.
२. मिटलेली मूठ उंच धरणें: आहां तसेच निश्चल राहा, पाऊल उचललें असेल तर तें हळूच टेका.
३. तळहात जमिनीकडे करून हात सावकाश खालीं दाबणें: खालीं बसा.
४. दोन बोटें आपल्या डोळ्यांकडे, मग एखाद्या दिशेस नेणें: तिकडे पाहा.
५. तळहात कानामागें धरणें: ऐका.
६. हात लांबवून दिशा दाखविणें: तिकडे चला.
७. उंच केलेला हात दोन्ही बाजूंस जलद हलविणें: सर्व जण जवळ या.

निरनिराळ्या पथकांत यांत थोडाफार भेद असतो. म्हणून निघण्यापूर्वींच त्यांचा अर्थ सर्वांनीं मिळून ठरवावा. खुणा थोड्या असाव्या, पण पक्क्या असाव्या. नायकानें हात खांद्याच्या वर धरावा आणि उत्तर येईपर्यंत खालीं घेऊं नये. प्रत्येकानें तीच खूण करून मागच्यास पोंचवावी. नाहींतर पुढचे तिघे थांबतात आणि मागचा त्यांच्या पाठीवर जाऊन आदळतो! खूण न समजल्यास तर्क करूं नये; दोन्ही तळहात वर करून "समजलें नाहीं" असें कळवावें.

जपानांत १९७० नंतरच्या दशकांत 'एअरसॉफ्ट' नांवाचा एक खेळ निघाला. त्यांत खेळांतल्या बंदुकींतून प्लास्टिकच्या लहान गोळ्या मारतात व अशाच खुणांनीं संघ चालवितात. आपल्या रानांत मात्र अशी बंदूक नेणें अगदीं अयोग्य होय. गडचिरोलींत १९९० सालीं पोलिसांचें सी-६० पथक स्थापन झालें, आणि नक्षलवाद्यांशीं तेथें अनेक वर्षें लढा झाला. अशा मुलखांत खऱ्यासारखी दिसणारी खोटी बंदूक प्राणावर बेतूं शकते.

खुणा शिकण्यास बंदूक लागतच नाहीं. शाळेच्या पटांगणांत वाळलेलीं पानें पसरा. मध्यें एका मुलास डोळे बांधून बसवा. सहा जणांनीं नायकाच्या खुणांनुसार त्याच्याजवळ जावें. आवाज ऐकून त्यानें ज्याच्याकडे बोट दाखविलें तो बाद. चार दिवस खेळून पाहा, आपण किती गलबला करतों हें कळेल.

एक इशारा मात्र अवश्य ध्यानांत ठेवावा. मोहफुलें किंवा तेंदूपानें आणावयास जाणाऱ्यांनीं मुकें राहूं नये. मोठ्यानें बोलत, घोळक्यानें जावें, म्हणजे वाघास मनुष्याची चाहूल आधींच लागते व तो बहुधा वाट सोडतो. निःशब्द चालणें हें शिकलेल्यांचें काम, आणि तेंही निर्धोक नव्हे. २०२१ च्या नोव्हेंबरांत ताडोब्यांत गणनेच्या पायीं पाहणींत एका वनरक्षक भगिनीस वाघिणीच्या हल्ल्यांत प्राणांस मुकावें लागलें. आपणांस घरबसल्या जो आंकडा वाचावयास मिळतो, त्यामागें अशीं पावलें असतात.

मित्रहो, खूण करणारा हात एकच असतो, परंतु तिचें सारें बळ पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत असतें. ज्या पथकांत प्रत्येक जण चार पावलांनीं एकदां आपल्या सोबत्याकडे पाहतो, तेथें शब्दावांचून काम चालतें. जेथें कोणी कोणाकडे पाहत नाहीं, तेथें ओरडूनही उपयोग होत नाहीं.