बाण्याचा सूर आणि रंगाची रेघ

फ्रेंच भाषेत ‘अँग्रचे व्हायोलिन’ असा एक वाक्प्रचार रूढ आहे. अँग्र (१७८०–१८६७) हा त्या देशाचा नामांकित चित्रकार. किशोरवयात त्याने तूलूझ येथील वाद्यवृंदात व्हायोलिन वाजविले, आणि उतारवयाकडे झुकल्यावर रोममध्ये लिस्ट या थोर पियानोवादकाच्या संगतीतही ते वाजविले. कीर्ती कुंचल्याने दिली, तरी हातातला गज सुटला नाही. मुख्य व्यवसायाबाहेरील आवडत्या छंदाला त्यावरूनच हे नाव मिळाले.

चांदा-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात, तसेच उत्तरेस नर्मदेच्या उगमाकडील डोंगरांत राहणाऱ्या परधान समाजाची गोष्ट मात्र याच्या उलट आहे. तेथे संगीत हा छंद नव्हे, कुलधर्म होय. आणि चित्र हे त्या संगीताचे अपत्य.

परधान हे गोंडांचे वंशगायक. बडा देवाचा वास साजाच्या, म्हणजे आपल्याकडील ऐनाच्या, झाडात असतो. त्याला आळविण्यासाठी धाकट्या भावाने बाणा हाती घेतला, आणि त्याचेच वंशज परधान, अशी आख्यायिका आहे. बाणा हे घोड्याच्या केसांच्या तीन तारांचे, गजाने वाजवावयाचे वाद्य. दक्षिणेकडे अशाच वाद्यास किकरी म्हणतात. तीन-तीन वर्षांनी यजमानाच्या दारी जाऊन परधान त्याची वंशावळ व गोंड राजांच्या कथा गात असे, आणि धान्य, वस्त्र, गुरे घेऊन परतत असे. पुढे गोंड राज्ये लयास गेली. चांद्याचे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. यजमानच निर्धन झाल्यावर गायकाला पोसणार कोण?

शामराव हिवाळे यांनी १९४६ साली परधानांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. ते काही काळ ज्या पाटणगढ गावी राहिले, तेथेच १९८१ च्या सुमारास जनगढसिंह श्याम या तरुणाने भिंतीवर काढलेली चित्रे भोपाळच्या भारत भवनातील जाणकारांच्या दृष्टीस पडली. चित्रकार स्वामिनाथन यांनी त्याला भोपाळास आणले. ज्या देवतांना आजवर केवळ गाण्यात रूप होते, त्यांना जनगढने कागदावर आकार दिला. त्याच्या आकृती बारीक ठिपक्यांनी भरलेल्या असतात; त्या ठिपक्यांत काही अभ्यासकांना बाण्याचे स्वर दिसतात. १९८९ मध्ये त्याची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात झळकली. २००१ मध्ये जपानात त्याचा अकाली अंत झाला; परंतु त्याची चित्रशैली ‘जनगढ कलम’ या नावाने टिकली, आणि त्याचा पुतण्या भज्जू श्याम यास २०१८ साली पद्मश्री मिळाली.

चित्राला आज गिऱ्हाईक आहे. बाण्याला श्रोता उरलेला नाही. हा भेद किरकोळ नव्हे. चित्रातील हरिण, सर्प वा वृक्ष यांच्यामागे एकेक कथा आहे, आणि ती कथा गाण्यातच जतन झालेली आहे. अँग्रचे व्हायोलिन थांबले असते तरी त्याच्या चित्रांचे काही अडले नसते. येथे बाणा थांबला, तर चित्रे सुंदर राहतील; पण ती काय सांगतात, हे सांगणारा कोणी उरणार नाही.