उंट, नेढं आणि आपली सोय

देव आणि धन अशा दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी होत नाही, असं येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं. तेव्हापासून ख्रिस्ती माणूस या वाक्याशी झटतो आहे, आणि त्या झटापटीत बऱ्याच समजुती जन्माला आल्या आहेत. काही बाहेरच्यांनी पसरवल्या, काही थेट चर्चच्या व्यासपीठावरून पसरल्या. बहुतेकींचं काम एकच : प्रश्न आपल्या दारातून उचलून दुसऱ्या कुणाच्या तरी दारात नेऊन ठेवायचा.

गैरसमज : येशूने प्रत्येक अनुयायाला घरदार विकायला लावलं.

हे सांगितलं ते एका माणसाला. मार्क, मत्तय आणि लूक या तिघांच्याही शुभवर्तमानांत तो भेटतो. धनवान आहे, लहानपणापासून सगळ्या आज्ञा पाळत आला आहे, आणि आता त्याला सार्वकालिक जीवन हवं आहे. सगळं विकून गोरगरिबांना वाट आणि माझ्यामागे ये, हे ऐकल्यावर तो खिन्न होऊन निघून जातो.

लूकमध्ये लगेच पुढच्या अध्यायात यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय येतो. तो आपण होऊन अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायचं कबूल करतो. उरलेल्या अर्ध्याबद्दल येशू अवाक्षर काढत नाही. (चौपटीचा हिशेब चुकता केल्यावर त्या अर्ध्यातलं काय उरलं असेल, ते जक्कयच जाणे.) येशू आणि त्याचे शिष्य गावोगाव फिरत, तेव्हा त्यांचा खर्च काही स्त्रिया स्वतःच्या पैशातून चालवत. त्यांत हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना होती. येशूला ज्या कबरेत ठेवलं, ती श्रीमंत अरिमथाईकर योसेफाची.

एवढ्यावर सुटकेचा श्वास सोडण्याचं मात्र कारण नाही. याच लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू मागून येणाऱ्या गर्दीकडे वळतो आणि सर्वस्वावर पाणी सोडल्याशिवाय कुणालाही माझा शिष्य होता येणार नाही, असं बजावतो. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात आहेत आणि लूकने त्यांचा मेळ घालून दिलेला नाही.

चर्चने पुढे एक टोक मात्र स्पष्ट नाकारलं. चौथ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या गांग्रा इथे बिशपांची सभा भरली. सेबास्तेच्या युस्ताथियसचे अनुयायी लग्नाला तुच्छ मानत, मांस खाणाऱ्यांना नावं ठेवत आणि सर्वस्व न सोडणाऱ्या श्रीमंताला तारणाची आशाच नाही असं सांगत. सभेने त्यांचा निषेध केला. वैराग्याच्या नावाखाली पोटच्या मुलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या आईबापांविरुद्ध तिने वेगळा नियमच केला. सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीच्या बिशपांना मागे राहिलेल्या लेकरांची आठवण झाली, हे मला त्यांच्या सगळ्या धर्मशास्त्रापेक्षा मोलाचं वाटतं.

गैरसमज : ‘सुईचं नेढं’ हा जेरुसलेमच्या तटातला एक ठेंगणा दरवाजा होता.

ही समजूत मोठी चिवट आहे. तो धनवान माणूस निघून गेल्यावर येशू शिष्यांना म्हणतो की श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं. मग प्रवचनकार खुलासा करतो : रात्री मोठी वेस बंद झाली की लहान दिंडी दरवाजा उघडा असे, त्याला नेढं म्हणत, आणि उंट पाठीवरचं ओझं उतरवून, गुडघे टेकून, सरपटत आत शिरत असे.

पहिल्या शतकातल्या एकाही लेखनात असा दरवाजा नाही. उत्खननातही तो सापडलेला नाही. हा खुलासा मध्ययुगातल्या टीकाकारांच्या काळात डोकं वर काढतो आणि पुढे प्रवाशांच्या तोंडी रुळतो. ज्यूंच्या तालमुदात हत्ती सुईच्या नेढ्यातून जातो, आणि तोही अशक्य गोष्टीचा दाखला म्हणूनच. कुराणाच्या सातव्या सुरेत पुन्हा उंट आहे. त्या भागातल्या माणसाला ही अतिशयोक्ती समजावून सांगावी लागत नव्हती.

खरा पुरावा गोष्टीतच आहे. शिष्य ऐकून हादरतात आणि मग तारण तरी कुणाचं होणार, असं विचारतात. धन ही देवाची कृपा मानणाऱ्या समाजात ते वाढलेले. श्रीमंतालाच जागा नसेल तर इतरांची काय कथा? उंटाला थोडं वाकून जाता येत असतं, तर हादरण्यासारखं काय होतं? आणि माणसाला अशक्य ते देवाला शक्य, हे येशूचं उत्तरही मग निरर्थक ठरलं असतं.

दरवाजाची कथा लोकांना का आवडते, हे उघड आहे. तिच्यात युक्ती आहे. थोडी नम्रता, थोडं दान, आणि उंट पलीकडे.

हाच उतारा इजिप्तमधल्या दोन माणसांनी कसा वाचला ते पाहण्यासारखं आहे. इसवी सन २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने कोणत्या श्रीमंताचं तारण होईल, या प्रश्नावर एक आख्खं प्रवचन लिहिलं. बंदराचं शहर, श्रोत्यांत पैसेवाले. टाकून द्यायची ती धनाची हाव, धन नव्हे, असं त्याचं म्हणणं. सगळेच कफल्लक झाले तर भुकेल्याला जेवू कोण घालणार? युक्तिवाद बिनतोड आहे. पण मनाने विरक्त असल्याचा दाखला स्वतःचा स्वतःलाच द्यायचा असतो, ही त्यातली मेख.

पुढे सुमारे सत्तर वर्षांनी त्याच देशात अंतोनी नावाच्या सधन शेतकरी घरातल्या तरुणाने चर्चमध्ये हाच उतारा ऐकला आणि तीनशे अरुरा, म्हणजे दोनशे एकरांच्या आसपास जमीन गावाला देऊन टाकली. बहिणीसाठी ठेवलेलं थोडंफारही नंतर वाटलं आणि तिला व्रतस्थ स्त्रियांच्या हवाली केलं. बिशप अथनासियसने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात तिच्या मर्जीला जागा मिळालेली नाही. चर्चने क्लेमेंट आणि अंतोनी दोघांनाही आपलं म्हटलं.

गैरसमज : मठवासी जग सोडून गेले आणि आयतं खात बसले.

वाळवंटातला अंतोनी हातांनी काम करून भाकरी मिळवत असे आणि उरलेलं गरजूंना देत असे. सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने मठासाठी नियमावली लिहिली. तिच्यात आळसाला आत्म्याचा वैरी ठरवलं आहे आणि प्रार्थनेबरोबर श्रमाचे तासही आखून दिले आहेत. मठाच्या कोठाराची जबाबदारी असलेल्याने तिथली भांडीकुंडी वेदीवरच्या पात्रांइतक्या आदराने हाताळावीत, असंही ती सांगते. मठात बनवलेल्या वस्तू विकायच्या तर बाहेरच्या भावापेक्षा जरा स्वस्त विकाव्यात, हा सत्तावन्नाव्या प्रकरणातला नियम. अध्यात्माच्या पुस्तकात भावाचा तक्ता शिरला, कारण लोभ शिरतो तो तिथूनच, हे बेनेडिक्टला ठाऊक होतं.

तरीही मठ श्रीमंत झाले. एकेकट्या साधूकडे काही नाही आणि मठाच्या नावावर मात्र शेकडो एकर, असा पेच उभा राहिला. असिसीचा फ्रान्सिस (मृत्यू १२२६) हा कापडव्यापाऱ्याचा मुलगा. बापाचे कपडेसुद्धा त्याने बिशपसमोर उतरवून परत केले आणि आपल्या बंधूंना पैशाला हातही लावू दिला नाही. पण संघ वाढला. घरं, पुस्तकं, प्रार्थनामंदिरं आली. त्यावर १२७९ मध्ये पोप तिसरे निकोलस यांनी तोडगा पक्का केला : मालकी पोपच्या गादीची, फ्रान्सिस्कनांकडे फक्त वापर. पुढे बाविसावे जॉन यांनी ही कागदोपत्री व्यवस्था मोडीत काढली आणि १३२३ मध्ये येशू व त्याच्या प्रेषितांच्या मालकीचं काहीच नव्हतं, असं ठामपणे म्हणणं पाखंड ठरवलं. एका अंगरख्यानिशी फिरणाऱ्या माणसाच्या मालमत्तेवरून वर्षानुवर्षं कायदेपंडित भांडत राहिले.

गैरसमज : प्रत्येक फादर दारिद्र्याची शपथ घेतो.

कॅथलिक चर्चमध्ये दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं संघातले लोक घेतात : जेझुइट, फ्रान्सिस्कन, निरनिराळ्या संघांच्या सिस्टर. धर्मप्रांताचा धर्मगुरू ब्रह्मचर्य पाळतो, बिशपच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतो. त्याने साधेपणाने राहावं ही अपेक्षा असते, पण त्याच्या नावावर जमीन वा पैसा असू शकतो. प्रोटेस्टंट पाळकाच्या बाबतीत तर हा प्रश्नच येत नाही.

गैरसमज : भक्ती खरी असेल तर भरभराट होतेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स, केनेथ हेगिन यांच्यासारख्या प्रचारकांनी ही शिकवण दूरवर नेली. बायबलमध्ये तिला आधार काढता येतात. जुन्या करारात आज्ञापालनाच्या बदल्यात धान्य आणि गुरांची वचनं आहेत. पण त्याच जुन्या करारात ईयोबही आहे, आणि त्याच्या दुःखाचं कारण त्याचं पाप असणार असं म्हणणाऱ्या मित्रांनाच देव शेवटी झापतो.

मेथडिस्ट चळवळीचा जॉन वेस्ली याने वेगळाच धोका ओळखला होता. त्याने कमवायला, काटकसर करायला आणि मग होईल तेवढं सगळं देऊन टाकायला शिकवलं. म्हातारपणी, १७८६ मध्ये, तो चिंतेने लिहितो की धर्म माणसाला कष्टाळू आणि काटकसरी करतो, त्यातून पैसा येतो, आणि पैशाबरोबर गर्व येऊन धर्म आटतो. भक्तीतून भरभराट येत नाही असं त्याचं म्हणणंच नव्हतं. ती येते, हीच त्याची काळजी होती. त्याच्या तीन सूत्रांपैकी पहिली दोनच अनुयायांच्या अंगी मुरली.

गैरसमज : आपल्याकडे जे ख्रिस्ती झाले ते पैशासाठी.

दुष्काळात पुष्कळ माणसं मिशनच्या आश्रयाला आली, हे खरं आहे. पण उपाशी माणसाने भाकरी मागणं ही संसाराची आसक्ती, असं पोट भरलेल्याने ठरवू नये. प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीचं मागणं आहेच. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना शेती, विणकाम, छपाई शिकवली. बायबलचं मराठी भाषांतर स्वतः केलं आणि ते तिथल्याच छापखान्यात मुलींच्या हातून छापून घेतलं.

कवी नारायण वामन टिळकांच्या बाबतीत तर हा आरोप उलटाच पडतो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नातीगोती तुटली, पत्नी लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं दुरावल्या; १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांना स्थान होतं, मान होता, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचं संपादन होतं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोघांनाही तिथे जागा होती. मिशनचा पगार त्यांना ख्रिस्ताच्या वाटेवरचं जोखड वाटू लागला होता. संन्यास घेतला, पण बायकोमुलं सोडली नाहीत. गांग्राच्या बिशपांना तो पटला असता. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. या सहकुटुंब संन्यासात चूल कशी पेटत होती, हे जाणून घ्यायचं तर लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. घरातला पैसा दुसऱ्याच्या हाती देऊन येणाऱ्या नवऱ्याचा हिशेब त्यांनी भक्तिभावाने मांडलेला नाही, आणि म्हणूनच तो विश्वासार्ह आहे.